मोगऱ्याला वास येतो की सुगंधच? (लाल पेनाचं भांडण)

फोंड्याची_मावशी
तर झालं असं, माझा मुलगा तिसरीत, मराठी माध्यम, इथेच फोंड्यात. 'माझे अंगण' या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या, त्याने लिहिलं 'संध्याकाळी मोगऱ्याला छान वास येतो'. बाईंनी 'वास' लाल पेनाने खोडला, वर 'सुगंध' लिहिलं आणि एक मार्क कापला. मार्काचं मला काही नाही (आहे थोडं) पण कार्टं घरी येऊन विचारतं, "आई, वास म्हणजे वाईटच असतो का?" मी म्हटलं नाही रे राजा, वास म्हणजे नुसता वास. तर म्हणे, मग बाबा फ्रीज उघडून "वास येतोय" म्हणतात तेव्हा तू धावत का जातेस?
मी गप्प. कालपासून तेच डोक्यात घोळतंय. तुम्ही सांगा, बाई बरोबर की मुलगा बरोबर?

बांगडा_राजा
फ्रीजचा मुद्दा बिनतोड आहे, पोराला वकील करा.

नळीवाला
बाई चूक. 'छान' लिहिलंय ना त्याने, मग विषय संपला. चहाचा वास, नव्या पुस्तकाचा वास, तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास, यात कुठे सुगंध घालणार? 'बाळाच्या टाळूचा सुगंध' म्हटलं की पावडरच्या जाहिरातीत गेल्यासारखं वाटतं.

पुण्याची_सून
माझा एक किस्सा. लग्न होऊन मडगावला आले, दुसराच आठवडा. सासूबाई स्वयंपाकघरात आल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "कसली घाण येता गो?" मला कोकणी तेव्हा अर्धीमुर्धीच कळायची आणि आमच्याकडे घाण म्हणजे कचरा, राडा, खरकटं. मी ओटा पुसला. त्या परत म्हणाल्या घाण येता. मी सिंक घासलं. तिसऱ्यांदा म्हणाल्या तेव्हा डोळ्यांत पाणीच आलं, म्हटलं या बाईला माझं काहीच पटत नाही. शेवटी त्यांनी स्वतः पुढे होऊन गॅसचं बटण बंद केलं, मंद ज्योत वाऱ्याने विझली होती आणि गॅस सुटत होता. त्यांना वास म्हणायचं होतं हो, मी आपली फडकं घेऊन फिरतेय. आता पंधरा वर्षं झाली, अजून कुणी पाहुणे आले की सासूबाई हे सांगतात आणि प्रत्येक वेळी माझी एक फेरी वाढवून सांगतात.

फोंड्याची_मावशी
अगं देवा 😄 पण खरंय, आमच्याकडे घाण म्हणजे घाण वासच. कचऱ्याला, मळाला म्हेळ.

रसायनवाला
पुण्याची_सून, तुमच्या सासूबाईंच्या नाकाला नमस्कार. पण गंमत बघा, सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतोच जवळपास. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एथिल मर्कॅप्टन मिसळतात, गंधकाचं संयुग आहे, कुजक्या कोबीसारखं येतं. म्हणजे जगात एक वास असाही आहे जो पैसे देऊन घाण केलेला आहे.

जुना_कोश
घाण या शब्दाचं नशीब फार वाईट आहे हो. मूळ संस्कृत घ्राण, म्हणजे वास घेणं, किंवा ज्याने वास घेतो ते नाक. घ्राणेंद्रिय म्हणतो आपण अजून. त्यात चांगलंवाईट काहीच नव्हतं. प्राकृतात येताना र गळला, घाण झालं, मग अर्थ घसरला आणि वाईट वासापुरता उरला. कोकणी तिथेच थांबली. मराठी आणखी एक पायरी उतरली आणि ज्याला वाईट वास येतो त्या वस्तूलाच घाण म्हणायला लागली. त्यामुळे मडगावच्या सासूबाई पुण्याच्या सुनेपेक्षा मुळाच्या जास्त जवळ होत्या असं म्हणता येईल.
दर्पाचं उलटं झालं. संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, माज. मराठीत घामाचा दर्प, दारूचा दर्प. माजलेला माणूस खोलीत शिरला की जसं सगळ्यांना कळतं तसाच हा वास, एवढंच मला त्यातलं नातं दिसतं, बाकी तज्ज्ञांनी सांगावं.
आणि परमळ! आमच्या आजीच्या तोंडी फुलाला वास हा शब्द नसेच, परमळच. तो संस्कृत परिमल, आणि त्याचा कोशातला खास अर्थ म्हणजे सुगंधी द्रव्य चुरडल्यावर, घासल्यावर येतो तो वास. म्हणजे झाडावरचं हळदीचं पान नव्हे, पातोळ्या वाफवताना झाकण काढल्यावर जो येतो तो परिमळ. बाईंना लाल पेन चालवायचंच होतं तर निदान परिमळ तरी लिहायचं.

बांगडा_राजा
पातोळ्यांचं नाव काढलंत आता झोप येणार नाही.

नळीवाला
गंध राहिला की. मराठीत गंध लावायचा असतो कपाळाला, हुंगायचा नाही. आणि 'त्याला गाण्याचा गंध नाही' म्हणतो, तिथे 'गाण्याचा वास नाही' म्हणून बघा बरं. पण 'त्याला आधीच वास लागला होता' चालतं, म्हणजे कुणकुण लागली होती. आणि या वर्षी आमच्याकडे 'इसवण (सुरमई) वासालाही मिळाली नाही', हे पण चालतं. एवढ्या जवळच्या दोन शब्दांना एकमेकांच्या घरात शिरायची परवानगी नाही.

जुना_कोश
वासाची तर तीन वेगळी घरं आहेत. संस्कृतात एक धातू राहण्याचा, त्यातून निवास, वनवास, सहवास. एक नेसण्याचा, त्यातून वस्त्र. आणि एक सुगंधी करण्याचा, त्यातून सुवास आणि आपल्या मुलाचा मोगरा. यांची गल्लत नेहमी होते. सुवासिनी म्हणजे सुवास असलेली असं लोक छातीठोकपणे सांगतात, तो वास राहण्याचा आहे, अत्तराचा नाही. प्रवास म्हणजे घरापासून दूर राहणं. उपवास म्हणजे जवळ राहणं.

बांगडा_राजा
कुणाच्या जवळ? सोमवारी मी बांगड्यापासून लांब राहतो, तो प्रवास झाला मग.

जुना_कोश
देवाच्या जवळ हो 🙏

पेडण्याचे_आजोबा
मुलांनो, चौथं घर सांगतो. मी लहानपणापासून भजनात. जुन्या अभंगांत 'वास पाहणे' येतं, आणि तो वास नाकाचा नाही. वास म्हणजे वाट. वास पाहणे म्हणजे वाट पाहणे. बहुतेक ठिकाणी स्त्रीलिंगी, 'तुझी वास पाहते'. मला हे कळलं तेव्हा माझं वय चाळीसच्या पुढे होतं. वास्कोचा सप्ताह, दामोदराचा, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो आणि चोवीस तास अखंड भजन चालतं. रात्री दोन-अडीचची आमची पाळी, बाहेर पाऊस, आत उदबत्ती, ओले सदरे, शेवंतीच्या माळा, आणि आमचे बुवा गाताहेत वास पाहे, वास पाहे. मी तोपर्यंत खरोखर समजत होतो की भक्त देवाच्या तुळशीमाळेचा वास घेतोय. पाळी संपल्यावर चहा पिताना बुवांना तसं बोललो तर ते इतके हसले की चहा सांडला. म्हणाले, खुळ्या, वास कधी पाहतात काय, घेतात. पण मी अजून त्या ओळीला आलो की मला दोन्ही वास येतात. जाऊ दे.

फोंड्याची_मावशी
आजोबा, काय सुंदर. आणि बुवांनी जाताजाता एक मोठी गोष्ट सांगितली बघा, वास 'घेतात'. म्हणजे सगळा खेळ क्रियापदाचा आहे असं मला वाटायला लागलंय. वास घेतला की आपण होऊन, चांगला. वास सुटला तर चांगला, भजी तळताना वास सुटतो. वास आला तर काय ते अजून ठरायचंय. आमटीला वास आला म्हणजे मात्र आमटी गेली. आणि वास मारला की संपलंच. पटतंय का?

नळीवाला
अर्धं पटलं. आमच्या बिल्डिंगखालच्या गटाराला पण वास 'सुटतो', दर मे महिन्यात.

फोंड्याची_मावशी
बरं, सुटला बाद. पण 'मारतो' तरी धरा, मोगरा कधी वास मारत नाही.

नळीवाला
ते कबूल.

पुण्याची_सून
'आला' मध्ये पण काळ बघावा लागतो. 'आमटीला वास येतोय' हे सासूबाई बाहेरून येऊन बोलल्या तर कौतुक असू शकतं, 'आमटीला वास आलाय' म्हणाल्या तर ओतून द्या. नुसता काळाचा फरक.

रसायनवाला
मासळीवर कुणीच बोललं नाही, गोव्यात बसून, म्हणून लिहितो. बाजारात म्हणतात ना 'वास नाय, ताजी आसा', ते शंभर टक्के शास्त्र आहे. समुद्रातल्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमीन ऑक्साइड नावाचं एक संयुग असतं, खाऱ्या पाण्यात टिकायला त्याच्या कामी येतं, त्याला स्वतःला वास नाही. मासा मेला की बॅक्टेरिया त्याचं ट्रायमिथाइलअमीन करतात, आणि तोच तो मासळीचा वास. जितका वेळ जाईल तितका जास्त. गोड्या पाण्यातल्या मासळीत ते मूळ संयुगच कमी म्हणून ती वेगळी लागते. आता आपल्या आज्यांनी काय केलं, हुमणात (मासळीच्या आमटीत) सोलं, म्हणजे कोकमं घातली, चिंच घातली, नाहीतर बिंबलं. हे अमीन अल्कधर्मी, आंबट मिळालं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि क्षार हवेत उडत नाही, म्हणजे नाकापर्यंत पोचतच नाही. मासळी साफ करून झाल्यावर हाताला लिंबू चोळतो ते पण त्याचसाठी, साबणाने तेवढं जात नाही.

बांगडा_राजा
आणि तिरफळ? मी तर म्हणतो बांगड्याच्या हुमणाला तिरफळ नसेल तर ते हुमण नव्हे. काळी बी काढून टाकायची, साल थोडी चेचायची आणि उकळी आली की घालायची. चेचताना जो वास येतो ना, संत्र्याच्या सालीसारखा पण जरा रानटी, तो म्हणजे वर जुना_कोश म्हणाले तो परिमळ, चुरडल्यावरचा. मुंबईच्या मित्राला वाढलं तर म्हणतो हे लाकूड काय आहे ताटात. चावून बसला, जीभ बधिर, अर्धा तास काही बोलेना. घरात शांतता.

रसायनवाला
तिरफळ वासाला घालवत नाही, झाकतं. फरक आहे.

बांगडा_राजा
झाकलं काय घालवलं काय, बांगडा गेला ना पोटात.

सत्तरीचा_काजू
उशिरा आलो. वासावर धागा आणि काजू नाही? एप्रिलमध्ये आमच्याकडे वाळपईच्या बाजूला या, रस्त्याने गाडीची काच खाली केली की कळतं कुठे भाटी (फेणी गाळायची भट्टी) लागली ते. बोंडू (काजूचं फळ) मळून रस काढायचा, आंबवायचा, भाणात (गाळायच्या भांड्यात) घालून खाली जाळ, पहिल्या धारेचा तो हुर्राक, तो सौम्य, पुन्हा गाळला की फेणी. आंबलेल्या बोंडूचा वास, लाकडाचा धूर आणि कढत रस, हे तिन्ही मिळून जे होतं त्याला आमच्यात वेगळा शब्दच नाही, 'भाटयेचो वास' म्हणतात झालं. फेणीला २००९ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पण बाहेरचा माणूस ग्लास नाकाशी नेतो आणि पहिला शब्द काढतो "बाप रे काय वास मारतेय". इथे माझा जीव तुटतो. माझे काका बाटली उघडली की डोळे मिटून म्हणतात, "कितें परमळटा!" तीच बाटली, तेच नाक असतं माणसाचं. मग वास मारणं हे वस्तूत आहे की घेणाऱ्यात?
(काकी तिसरंच म्हणते. ते इथे लिहिण्यासारखं नाही.)

पुण्याची_सून
मी तुमच्या त्या बाहेरच्या माणसात होते आठ-दहा वर्षं. आता हुर्राक लिमका चालतो, फेणी अजून नाही. सुक्या मासळीचं पण तसंच. मे मध्ये पुरुमेंताच्या फेस्ताला (पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजाराला) पहिल्यांदा गेले तेव्हा नाकाला पदर. आता सुकी सुंगटं (कोळंबी) मी स्वतः नाकाशी धरून निवडते, कुबट आली तर परत. जूनच्या एक तारखेपासून जुलैच्या शेवटापर्यंत ट्रॉलर बंद, एकसष्ट दिवस काढायचे तर ती पिशवी लागतेच. पण माहेरचे येणार असले की मी आधी डबा तिहेरी पिशवीत बांधून माळ्यावर टाकते. तरी आई जिना चढतानाच विचारते, "कसला गं वास?"

जुना_कोश
हिंग गेला, वास राहिला, ही म्हण पण घ्या यात. आणि वासना हा शब्द त्याच पठडीतला. वस्तू गेली तरी डब्याला तिचा वास राहतो तसा अनुभव गेला तरी मनावर मागे राहतो तो संस्कार म्हणजे वासना, दर्शनांमधला अर्थ तो. आपण तिला नंतर भलत्याच कामाला लावलं.

नळीवाला
पहिल्या पावसाचा वास? त्याला मृद्गंध म्हणतात पण तो शब्द मला कवितेच्या वहीतला वाटतो. घरी कोण म्हणतं "मृद्गंध येतोय, कपडे काढ"? 'मातीचा वास सुटलाय, कपडे काढ.'

रसायनवाला
त्याला शास्त्रीय नाव मिळालं १९६४ मध्ये. ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या दोघांनी पेट्रिकोर असा शब्द केला, ग्रीकमधून, दगड आणि देवांच्या अंगातून वाहणारं रक्त. त्यात मातीतल्या सूक्ष्मजीवांनी केलेलं जिओस्मिन असतं आणि माणसाचं नाक त्याला भलतंच तिखट, अगदी लेशमात्र असलं तरी ओळखतं. पण आपल्याकडे कनौजचे लोक मातीचं अत्तर त्याच्या कितीतरी आधीपासून काढतात, भाजलेली माती उकळून वाफ चंदनाच्या तेलात धरतात.

जुना_कोश
आणि नैयायिक (न्यायदर्शनवाले) तर सरळ व्याख्याच करून मोकळे झाले, 'गन्धवती पृथिवी'. जिला गंध आहे ती पृथ्वी. पाणी, तेज, वायू, कुणाला स्वतःचा गंध नाही, आला तर तो मातीचा उसना. त्यांचे प्रकारही दोनच, सुरभि आणि असुरभि. म्हणजे वास हा आधी नुसता वास, मग पुढे चांगला किंवा वाईट. मावशी, बाईंना दाखवायला हे घ्या.

फोंड्याची_मावशी
तिसरीच्या बाईंना तर्कशास्त्र घेऊन जाऊ? पुढच्या वर्षी पण त्याच वर्गशिक्षिका असल्या तर?

पेडण्याचे_आजोबा
आबोलीचं काय मग. आबोलीला वास नाही, तरी आमच्या बायकांच्या केसांत आबोलीच. आणि सुरंगीला इतका की मार्चमध्ये वळेसर (गजरा) घेऊन बसमध्ये कुणी चढलं की अख्खी बस मागे वळून बघते. सुरंगीच्या कळ्या उजाडायच्या आत काढतात, ऊन लागलं की उमलून जातात. माझी आई म्हणायची आबोली बघायची, सुरंगी घ्यायची आणि ओवळं ठेवायची. ओवळं म्हणजे बकुळ. सुकली तरी वास तसाच, तिच्या लाकडी पेटीत लुगड्यांमध्ये असायची. पेटी आता माझ्याकडे आहे. वास नाही राहिला, वीस-बावीस वर्षं झाली, पण नातवंडं अजून झाकण उघडून नाक घालतात, मी सांगितलंय म्हणून.

बांगडा_राजा
आजोबा 🙏

सत्तरीचा_काजू
मावशी, शाळेत गेलात का शेवटी? उत्सुकता आहे.

फोंड्याची_मावशी
गेले. पालक सभा होती शनिवारी. मी ठरवून गेले होते की भांडायचं नाही, फक्त विचारायचं. बाई चांगल्या आहेत हो, तरुण आहेत. म्हणाल्या, "आमच्या घरी फुलाला वास म्हटलं की आजी ओरडायची, वास मेलेल्या उंदराला येतो म्हणायची." म्हणजे त्यांच्या वहीवर पण कुणीतरी आधीच लाल पेन मारलेलं! मी त्यांना क्रियापदाचं सांगितलं, येतो, सुटतो, मारतो, त्या हसल्या, पुण्याच्या सुनेचा गॅसचा किस्सा सांगितला तर आणखी हसल्या. मग वही मागवली, सुगंधावर तिरकी रेघ मारून बाजूला लिहिलं, 'दोन्ही चालेल'. आणि अर्धा मार्क दिला. अर्धा! मी विचारलं, दोन्ही चालेल तर अर्धा का? म्हणाल्या, ओळीच्या शेवटी पूर्णविराम नव्हता.

पुढचा निबंध चवथीवर (गणेश चतुर्थीवर) आहे. काल बसला होता लिहायला, मी मागून वाचलं. मोदक, फटाके, घुमट आरती हे सगळं आहेच, पण मधे एक ओळ अशी आहे (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात ती), 'रात्री मी माटोळीखाली गादी घालून झोपतो तेव्हा पिकलेल्या चिबडाचा, तोरिंगाचा आणि सुपारीच्या शिपट्याचा वास येतो आणि सकाळी उठल्यावर माझ्या उशीला पण वास येतो.' दोनदा वास. मी विचारलं, मुद्दाम लिहिलंस ना रे? तर काही बोलला नाही, ओळीच्या शेवटी पेन्सिलने टिंब एवढं दाबून दिलं की कागदाला भोक पडलं.